तलावपाळीचे फुगे

अकरावीत रसायनशास्त्राच्या तासाला व्हीएसईपीआर ही अक्षरं फळ्यावर आली आणि माझा धीरच सुटला. रेणूचा आकार कसा ठरतो ते सांगणारा हा सिद्धांत. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेलं. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० साली मांडलेला विचार गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये पुढे नेला, एवढं पाठ झालं होतं. डोळ्यांपुढे मात्र काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई येताना तलावपाळीवरून फुगे घेऊन आल्या. चार फुगे सारखे फुगवून त्यांची तोंडं एका दोऱ्याने गच्च बांधली आणि टेबलावर ठेवली. फुग्यांनी एकमेकांना ढकलून आपापली जागा धरली. तीन खाली टेकले, एक वर राहिला. ‘‘सपाट करून बघ गं,’’ बाई मला म्हणाल्या. मी दोन्ही तळव्यांनी दाबून धरले. हात काढला की पुन्हा तसेच!

‘‘हा मिथेन. गाठीत कार्बन, एकेक फुगा म्हणजे इलेक्ट्रॉनची एकेक जोडी. जोड्या होईल तितक्या लांब सरकतात. दोन बंधांमधला कोन १०९.५ अंश.’’

मग एक फुगा काढून तिथे जास्त फुगवलेला लाल फुगा बांधला. बाकीचे तिघे जवळ सरकले. हा अमोनिया, १०७ अंश. लाल फुगा म्हणजे लोन पेअर, बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी. पलीकडून तिला ओढून धरणारा अणू नाही, म्हणून ती ऐसपैस पसरते. दोन लाल फुगे लावले की पाणी, १०४.५.

चाचणीत मी पाण्याचा रेणू कार्बन डायऑक्साइडसारखा सरळ काढला होता. बाईंनी समासात लिहिलं, ‘असा असता तर मीठ विरघळलं असतं का?’ त्या रात्री जेवताना पाण्याचा पेला हातात घेऊन मी कितीतरी वेळ तेच घोळवत होते. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ फिटून गेली असती. पाण्याला धन आणि ऋण अशी टोकंच उरली नसती. आकाराला नाव देताना लोन पेअर धरत नाहीत, पण रेणू वाकवते तीच.

पुढे हायड्रोजन सल्फाइडचा कोन ९२ वाचला आणि तडक स्टाफरूम गाठली. तिथेही लोन पेअर दोनच, मग कोन इतका कमी का? ‘‘कोन घटणार एवढं फुग्यांवरून कळतं. किती घटणार ते नाही कळत,’’ बाई म्हणाल्या आणि माझी वही ओढून घेतली. ती वही अजून माझ्याकडे आहे. मिथेन, अमोनिया, पाणी माझ्या अक्षरात. त्याखाली त्यांच्या लाल पेनने ९२, आणि पुढे प्रश्नचिन्ह.