चेंडू जमिनीवर आला की आलेख थांबतो

अमेरिकेत नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या बीजगणिताच्या गृहपाठात सध्या एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: दिलेल्या परिस्थितीत या फलनाचा (फंक्शनचा) वाजवी प्रांत, म्हणजे डोमेन (सूत्रात क्षच्या जागी घालता येणाऱ्या किमतींचा संच), कोणता आणि का? त्या ‘का’ला उत्तराइतकेच गुण आहेत, आणि हे मला मनापासून आवडले.

६४ फूट उंच गच्चीवरून सेकंदाला ४८ फूट वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूची क्ष सेकंदांनंतरची उंची −१६क्ष² + ४८क्ष + ६४ फूट असते. (मीटर सोडून फुटांत शिकवण्याचा आग्रह मला अजूनही खटकतो.) सूत्रात कोणतीही संख्या घालता येते, दहा घातले, तर चेंडू जमिनीखाली १,०५६ फूट गेल्याचे उत्तर मिळते. उंची शून्य धरली की क्षच्या किमती ४ आणि −१ येतात, आणि फेकण्यापूर्वीचा काळ या गोष्टीत नसल्यामुळे प्रांत ० ते ४ एवढाच उरतो. पुढचे गणित सहलीच्या बसचे होते: चाळीस आसने, प्रत्येकी बारा डॉलर. मुलीने आधी अखंड रेघ ओढली होती. अर्धा प्रवासी नसतो हे लक्षात येताच ती खोडून तिने शून्यापासून चाळीसपर्यंत सुटे ठिपके काढले. २०१० साली जाहीर झालेल्या ‘कॉमन कोअर’ या अमेरिकेतील शालेय शिक्षणाच्या मानकांतच ही अपेक्षा नोंदवलेली आहे. तेथील उदाहरण कारखान्यात इंजिने जोडायला लागणाऱ्या तासांचे असून त्याचा प्रांत धन पूर्णांक आहे.

आपल्याकडे अकरावीत प्रांत म्हणजे छेद शून्य नको आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या नको, एवढ्यावरच भागत असे. मात्र आपल्याला हे कोणी शिकवलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दहावीच्या वर्गसमीकरणांच्या शाब्दिक उदाहरणांत ‘परंतु वय ऋण नसते’ असे लिहून आपण एक मूळ सोडून देतच होतो. फरक इतकाच, की आपण नको ते उत्तर शेवटी टाकून देत होतो आणि येथे गणिताला हात घालण्यापूर्वीच कुंपण घालायला लावतात. ही सवय अधिक चांगली आहे, हे मी मान्य करते.

तरीही चेंडूच्या गणितातली दोन्ही मुळे मुलीने कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरील आलेखावरून वाचली होती. ती तिला अवयव पाडून, वहीत, हाताने काढता आलीच पाहिजेत, हा आपल्याकडचा हट्ट मी सोडलेला नाही.