शिकागोचं शेड अ‍ॅक्वेरियम, आई आणि आजोबा मासा

२०१८ च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आम्ही तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायचो. मुलांना सुट्ट्या, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा साडेतीन, आणि मुलीचं एकच पालुपद होतं की आजीला आजोबा मासा दाखवायला न्यायचं. हा आजोबा मासा कोण ते पुढे सांगते, पण तो आता नाही हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं, आणि घरातून निघेपर्यंत मी तिला ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

नेपरव्हिलहून मेट्राच्या लोकल ट्रेनने युनियन स्टेशन आणि तिथून १३० नंबरची बस, ती तेव्हा उन्हाळ्यात थेट म्युझियम कॅम्पसला सोडायची. गाडी नेली तर पार्किंग शोधताना अर्धा उत्साह संपतो, त्यात लहान मुलांना ट्रेनचंच जास्त कौतुक असतं, त्यामुळे आम्ही कायम ट्रेनने. बसमधून उतरलं की एका बाजूला फील्ड म्युझियम, समोर शेड आणि त्याच्या मागे पसरलेलं लेक मिशिगन. आई उतरली आणि थबकलीच. लांबवर वळत गेलेला रस्ता, एकीकडे उंच इमारती आणि दुसरीकडे पाणीच पाणी. म्हणाली, अगं हे तर आपलं मरीन ड्राइव्ह. आणि तिथेच चप्पल काढून तिने पाण्याला हात जोडले. मी म्हटलं आई हा समुद्र नाही, तलाव आहे. ती ऐकेना. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतायत, सीगल ओरडतायत, आणि म्हणे तलाव! आमच्या आईचं माहेर अलिबागजवळचं, लग्नानंतर सगळा संसार गिरगावात, म्हणजे समुद्राबद्दल तिला कुणी शिकवायचं नाही.

मग ती पायऱ्यांवरून हळूहळू खाली गेली, मी मागून हात धरून. वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि बोट जिभेला लावलं. बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, "गोडं आहे गं." असं म्हणाली की जणू कुणीतरी तिची फसवणूक केली होती. मुलीने पण लगेच बोट बुडवून चाखलं, मुलगा तर अख्खा वाकला, त्याला मी वेळेवर ओढला.

हे आधी सांगितलं कारण ह्या अ‍ॅक्वेरियमची गोष्ट इथूनच सुरू होते. शिकागोला समुद्र नाही. अटलांटिक घ्या नाहीतर मेक्सिकोचं आखात घ्या, खारं पाणी इथून प्रचंड लांब. तरी १९३० साली जेव्हा हे उघडलं तेव्हा समुद्रातले मासे कायमचे ठेवायचे असं ठरवून उघडलं, आणि त्यासाठी फ्लोरिडाच्या अगदी टोकाच्या की वेस्टहून रेल्वेने समुद्र आणला! २० टँकर डब्यांची गाडी, तिच्या आठ फेऱ्या, मिळून १० लाख गॅलन पाणी, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ३८ लाख लिटर. मी हे आईला रोटुंडात, म्हणजे मधल्या गोल दालनात, उभं राहून सांगितलं तर ती म्हणाली गोड्या पाण्याच्या काठावर बसून खारं पाणी रेल्वेने मागवलं, केवढी हौस ती. हौसच. ज्यांनी पैसे दिले ते जॉन शेड, मार्शल फील्ड ह्या मोठ्या दुकानाचे अध्यक्ष, ते १९२६ लाच वारले, त्यांनी हे उघडलेलं पाहिलंच नाही. आता पाणी रेल्वेने येत नाही, इथल्याच पाण्यात मीठ मिसळून समुद्राचं पाणी तयार करतात. आणि नुसतं पाणीच नाही हं, मासे आणायला सुद्धा त्यांचा स्वतःचा खास रेल्वेचा डबा होता, नाव नॉटिलस. त्यानंतरचा जो दुसरा डबा होता तो इलिनॉयमध्येच मॉन्टिसेलोच्या रेल्वे म्युझियममध्ये ठेवलाय, ट्रेनवेड्या मुलांना तोही दाखवून आणा.

मला स्वतःला अ‍ॅक्वेरियम म्हटलं की तारापोरवालाच आठवतं. चर्नी रोडचं, १९५१ सालचं. बाबा रविवारी घेऊन जायचे, अंधारा कॉरिडॉर, दोन्ही बाजूला उजेडाच्या चौकोनी खिडक्या, आणि बाहेर पडलो की रस्त्यापलीकडे खराखुरा समुद्र. आत मासे बघायचे आणि बाहेर कट्ट्यावर बसून चणे खायचे. आता ते बंद आहे, मागच्या खेपेला मुंबईत गेले तेव्हा तिथून टॅक्सी गेली आणि मी मान वळवून बघत राहिले. शेडमध्ये शिरल्यावर जो एक वास येतो ना, ओलसर, जरासा खारट, तो मला दर वेळी थेट तिथे नेऊन ठेवतो. बाकी इमारत म्हणजे राजवाडाच, संगमरवर, अष्टकोनी घुमट, आणि दिव्यांवर, दारांवर, भिंतींवर सगळीकडे शिंपले, कासवं, ऑक्टोपस कोरलेले. मुलांना नुसते तेच शोधायला लावलं तरी अर्धा तास निघतो.

रोटुंडाच्या मधोमध तेव्हा कॅरिबियन रीफची मोठी गोल टाकी होती, ९० हजार गॅलनची. पाणबुड्या आत उतरायचा, हाताने माशांना भरवायचा आणि मास्कमधल्या माइकवरून बाहेरच्या मुलांशी बोलायचा पण. माझा मुलगा त्याला काचेवरून टाळी द्यायला बघत होता. ह्याच टाकीत निकेल, हिरवी समुद्री कासवीण. तिला बोटीची धडक बसली होती, कवचाला दुखापत होऊन मागचा भाग कायमचा वर तरंगतो, त्यामुळे ती पोहताना डोकं खाली आणि शेपूट वर अशी तिरकी जाते. २००३ ला इथे आणली. तपासणीत तिच्या घशात नाणं अडकलेलं सापडलं, पाच सेंटचं, त्याला इथे निकेल म्हणतात, म्हणून हे नाव. कुणीतरी सहज पाण्यात टाकलेलं नाणं. आई गाडीतून खाडी ओलांडताना दर वेळी पाण्यात नाणं टाकणारी, ती ऐकून एकदम गप्प झाली. मग मुलीला हळूच म्हणाली, आता नाही हो टाकणार मी. मला तो क्षण फार आवडला.

वाइल्ड रीफ खालच्या मजल्यावर आहे, फिलिपाइन्समधला प्रवाळाचा किनारा उभा केलाय, शार्कची टाकीच ४ लाख गॅलनची. इथे मात्र आईने ताबा घेतला. मी पाट्या वाचून सांगत होते आणि ती पाट्यांकडे न बघता. ही मोरी. हे पाकट. हा तांबोशीतला दिसतोय पण रंग वेगळा. ही वाम बघ कशी दगडात तोंड घालून बसलीय. आजूबाजूचे लोक शार्क बघून ओरडत होते आणि आमची आजी एकेकाची कुळी सांगत होती, कल्ले कुठे, पर कसे, कुठला पावसाआधी मिळतो, कुठला खडकात राहतो. लहानपणी तिच्या आजोळच्या अंगणात मासळी वाळत असायची, त्यामुळे तिने हे सगळं हातात घेऊन पाहिलेलं, पण जिवंत, पोहताना असं काचेतून कधी नाही. एवढ्या जवळून पाकट जाताना पाहून म्हणाली, अगं हे तर उडतंय. खरंच उडल्यासारखंच जातं ते. माझ्या मुलीने त्या दिवशी मराठीतली माशांची जेवढी नावं शिकली तेवढी मी तिला सात वर्षांत शिकवली नव्हती.

हात लावायच्या दोन जागा आहेत आणि दोन्ही चुकवू नका. बाहेर बागेत उन्हाळ्यात पाकटांचं उथळ तळं असतं, काउनोज रे म्हणतात त्यांना. शेपटीच्या काट्याची टोकं कापलेली असतात, आपण नखं कापतो तसंच, त्यांना दुखत नाही. हात पाण्यात सपाट ठेवून शांत उभं राहायचं, तेच येतात हाताखालून. मुलगा सुरुवातीला घाबरून माझ्या मानेला लटकला होता पण एकदा तो गुळगुळीत स्पर्श झाल्यावर तिथून हलेना. आणि आत ग्रेट लेक्सच्या भागात स्टर्जन. लेक मिशिगनमधलाच हा मासा, लांब तोंडाचा, पाठीवर हाडांच्या ढाली, शंभर वर्षांच्या वर जगू शकतो. आईने बाही वर करून दोन बोटं लावली आणि म्हणाली फणसासारखा लागतोय.

बेलुगांबद्दल, म्हणजे पांढऱ्या देवमाशांबद्दल, मला थोडं लिहायचंय. १९९१ ला ओशनेरियम बांधलं, ३० लाख गॅलनचं, त्याची मागची भिंत पूर्ण काचेची, त्यामुळे टाकीचं पाणी आणि बाहेरचा लेक एकच वाटतो. दिसायला विलक्षण सुंदर आहे. बेलुगा पांढरेशुभ्र, त्यांच्या मानेची हाडं जुळलेली नसतात म्हणून ते माणसासारखी मान वळवून बघतात, आणि वळून बघितलं की आतून हलायला होतं. मुलीने विचारलं की त्यांना काचेतून लेक दिसत असेल का, आणि दिसला तर तिकडे जावंसं वाटत असेल का. मी तिला खोटं उत्तर दिलं नाही. म्हटलं वाटत असेल. मला स्वतःला एवढे मोठे, बुद्धिमान जीव भिंतींमध्ये ठेवणं पटत नाही, आणि तरी ह्याच ठिकाणी त्यांना पाहून माझी मुलगी समुद्रावर प्रेम करायला लागली हेही खरंय, दोन्ही गोष्टी घेऊनच मी तिथे जाते. सी ऑटरचं, म्हणजे समुद्री पाणमांजराचं, मात्र वेगळं. लूना नावाचं पिल्लू २०१४ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एकटं सापडलं होतं, जेमतेम आठवड्याचं, आई नाही, त्याला इथे माणसांनी बाटलीने दूध पाजून, अंग विंचरून वाढवलं. ऑटरच्या अंगावर चरबीचा थर नसतो, सगळी ऊब केसांची, म्हणून केस स्वच्छ ठेवणं हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग.

आता आजोबा मासा.

२०१५ ला आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. एका टाकीत तळाशी लाकडाच्या ओंडक्यासारखा मासा पडलेला, हलत नाही, काही नाही, आणि पाटीवर नाव ग्रँडडॅड. ऑस्ट्रेलियन लंगफिश, क्वीन्सलंडच्या नद्यांमधला, त्याला कल्ले असतात आणि फुप्फुस पण, अधूनमधून वर येऊन हवा घेतो. हा १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा सिडनीहून बोटीने आणलेला, तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. मी तिला सांगितलं ह्याचं नाव आजोबा. माझे बाबा ती जन्मायच्या आधी गेले, तिने आजोबा पाहिलेलेच नाहीत, त्यामुळे तिला ते फारच पटलं. ती काचेला नाक लावून उभी राहिली, तो वर आला, हवेचा घोट घेतला आणि परत खाली गेला. एवढंच. घरी येऊन तिने त्याचं चित्र काढलं ते तीन वर्षं फ्रीजवर होतं.

५ फेब्रुवारी २०१७ ला तो गेला. म्हातारपणाने अवयव थकले होते, खाणं सुटलं होतं, म्हणून त्याला शांतपणे जाऊ दिलं. ८३ वर्षं ह्या एका इमारतीत.

तिने आजीचा हात धरून तिला बरोब्बर त्याच टाकीशी नेलं. तिला हवा होता तोच तिथे नव्हता. आधी वाटलं लाकडामागे असेल, मग खाली बसून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडावरून तिला कळलं. रडली. मी सांगायला लागले तर मला नीट सांगता येईना, शेवटी तिथल्या एका व्हॉलंटियर आजी गुडघे टेकून बसल्या आणि तिला म्हणाल्या की मी लहान होते तेव्हा माझ्या आईने मला तो दाखवला होता. मुलीने विचारलं, त्याला घरी जायचं होतं का? त्या म्हणाल्या, ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्या आईला इंग्रजी बेताचंच समजतं पण हे बरोबर समजलं. तिने नातीला जवळ घेतलं आणि दोघी त्या टाकीसमोर बाकावर बऱ्याच वेळ बसल्या, मी मुलाला घेऊन जेलीफिशकडे गेले.

दुपारी बाहेर गवतावर बसून पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं खाल्लं, समोर अख्खं शिकागो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: तिकीट वेळ धरून ऑनलाइनच काढा, सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, इलिनॉयमध्ये राहणाऱ्यांना ठरावीक दिवशी फुकट असतं तेव्हा आयडी न्या पण गर्दीची तयारी ठेवा, आणि आत गारवा असतो तर म्हाताऱ्या माणसांना स्वेटर हवाच. सध्या तिथे मोठं नूतनीकरण चाललंय त्यामुळे मी लिहिलंय ते सगळं तसंच सापडणार नाही. नंतर २०२० च्या लॉकडाउनमध्ये इथलेच पेंग्विन रिकाम्या इमारतीत फिरतानाचे व्हिडिओ आले होते, वेलिंग्टन नावाचा पेंग्विन एकेका टाकीपुढे थांबून मासे बघत होता, तेव्हा आई मुंबईत अडकलेली आणि आम्ही इकडे, आणि ती फोनवर म्हणाली, तो बघ आपण फिरलो तिथेच फिरतोय.

परतीच्या ट्रेनमध्ये मुलगा आजीच्या मांडीवर झोपला आणि मुलीने वही काढली. एक लांब ट्रेन काढली. टँकर मोजत होती, पान संपलं म्हणून दुसरं पान जोडून घेतलं, आणि वीस झाले तरी थांबली नाही. सगळे डबे निळे रंगवले, एकविसावा हिरवा. आजीने विचारलं हा एकच वेगळा का. "अगं आजी, त्यात आजोबा आहे ना. तो नदीतला मासा आहे, त्याला खारं पाणी चालत नाही. ह्या डब्यात गोडं पाणी आहे."