नवी डिस्क घालण्याआधी

सकाळी साडेनऊला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओतून फोन आला. "दादा, नॅस सकाळपासनं टुँटुँ करतंय. एक दिवा तांबडा झालाय. नवी डिस्क आणलीया, घालू का?"

"हात लावू नकोस, मी येतोय."

ऐन लग्नसराई होती. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, डेटा साठवायची डिस्कची पेटी. त्यांच्या पेटीत ८ टीबीच्या ४ डिस्क, रेड ५ मध्ये: डेटा आणि तो परत घडवायला लागणारी माहिती चौघींवर वाटलेली. म्हणजे वापरायला २४ टीबी जागा आणि एक डिस्क गेली तरी काम चालू. १८ टीबी भरलेली. हीच आमची एक प्रत आणि हाच आमचा बॅकअप, असं स्टुडिओत सगळे धरून चालले होते. चारही डिस्कचे अनुक्रमांक जवळजवळचे निघाले: एका दिवशी घेतलेल्या, एकाच पेटीत तापलेल्या. चार वर्षांत एकदाही स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, चालवलेला नव्हता, त्यामुळे उरलेल्या तिघींच्या पोटात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला भीती रिबिल्डची होती, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा बाकीच्यांवरून नव्या डिस्कवर पुन्हा घडवण्याची. नवी डिस्क भरायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे २४ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण १२.५ टीबी वाचनामागे एखादी चूक गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात बहुतेक डिस्क याहून पुष्कळ चांगल्या चालतात, पण दुसऱ्यांच्या लग्नांवर तो भरवसा टाकायला मन धजेना.

म्हणून आधी कॉपी, मग डिस्क. अजून ग्राहकांना न दिलेली या हंगामातली लग्नं अडीच टीबी होती. माझ्याकडच्या ४ टीबीच्या डिस्कवर ती उतरवायला घेतली. सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, त्यात मध्येमध्ये अडखळणं. सात तास लागले. जेवायला कुणी उठलं नाही.

बाकीचा डेटा ठेवायला जागा नव्हती, आणि संध्याकाळी मी नवी डिस्क घातली. आज तीच वेळ आली तर सांगलीहून, पुण्याहून, मिळेल तिथून डिस्क आणीन, पण सगळं उतरवल्याशिवाय रिबिल्ड सुरू करणार नाही. रात्री दीडला ६१ टक्क्यांवर दुसरी डिस्क गेली आणि व्हॉल्यूम, म्हणजे चौघींची मिळून असलेली सगळी साठवण, बसला.

हंगाम वाचला. जुनी लग्नं गेली, आणि काकांच्या, म्हणजे मालकाच्या वडिलांच्या, निगेटिव्हचे स्कॅनही गेले. जोतिबाची यात्रा, रंकाळ्याच्या काठची माणसं, सगळं त्यात होतं. मी ते काकांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत.

नवी मांडणी करताना हट्टानं बसलो. ६ डिस्क, रेड ६, म्हणजे कोणत्याही दोन गेल्या तरी चालेल. डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. ट्रॅकवर ट्रॅक चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्क टाळल्या, त्या रिबिल्डला फार रेंगाळतात. महिन्याला स्क्रब. चुकून पुसलेलं परत मिळावं म्हणून रोज स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी डेटा जसा होता त्याची नोंद. पण हे सगळं त्या एकाच पेटीत. खरी दुसरी प्रत बाहेर हवी. क्लाउडचा हिशेब केला: त्यांच्या लाइनचा अपलोड ४० एमबीपीएस, १८ टीबी चढवायला रात्रंदिवस चालवून सहा आठवडे. मालक म्हणाले, घरी ठेवू. घर शाहूपुरीत, आणि तिथं ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी शिरलेलं. मग घरी दुसरी पेटी वरच्या मजल्यावर ठेवली, आणि तिसरी प्रत साताऱ्याला बहिणीकडे. महिन्यातून एकदा तिथली डिस्क बदलली जाते, आणि आणलेल्या डिस्कमधलं एक लग्न उघडून, फोटो मोठे करून बघितले जातात.

जुन्या ग्राहकांना फोन लावणं चालू आहे. पेनड्राइव्ह जपून ठेवलेल्या नऊ घरांनी आतापर्यंत डेटा परत दिला. आणि काकांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली काढला. निगेटिव्ह बटर पेपरमध्ये गुंडाळलेल्या, प्रत्येकावर शाईनं तारीख. स्कॅनर पुन्हा सुरू झालाय. दिवसाला तीस होतात.