हजारातलं एकच जगतं, मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मला दर हंगामात विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा पाहुणे असतात. संध्याकाळी पुळणीवर कासवाची पिल्लं पाण्यात जाताना बघून येतात, ओसरीवर चहा घेतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "वहिनी, हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात. मग तुम्ही थंडीत पहाटे उठून हे सगळं करता ते कशासाठी?" गावातही विचारतात, तिथे सूर थोडा वेगळा असतो. दर वेळी चहा संपेपर्यंत जमेल तेवढं सांगते आणि अर्धं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं लिहिते.

आमचं गाव दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर आहे. नाव लिहीत नाही, कारण पुळण लहान आहे आणि तिला गर्दी सोसत नाही. नोव्हेंबर ते मार्च, कधी एप्रिलपर्यंतही, ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री इथे अंडी घालायला वर येतात. गावातल्या काही जणांचं आमचं मंडळ आहे. कुणी बागायतदार, कुणी मासेमारी करणारे, आम्ही तीन-चार बायका आणि कॉलेजात जाणारी मुलं. पहाटेची फेरी मारणाऱ्या कासवमित्रांना हंगामापुरतं मानधन मिळतं, बाकीच्यांना काही मिळत नाही.

हे काम सुरू केलं ते वेळासने. नाना फडणवीसांचं गाव म्हणून पूर्वी त्याची ओळख होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली या किनाऱ्यावर समुद्रगरुडांची पाहणी करत होते, तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. त्यातून वेळासला संरक्षणाचं काम उभं राहिलं, २००६ मध्ये पाहुण्यांना पिल्लं समुद्रात जाताना दाखवणारा पहिला कासव महोत्सव झाला, आणि हळूहळू रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांनी तोच कित्ता गिरवला. आम्हीही त्यातलेच.

पहाटे चारच्या सुमारास दोघं-दोघं जण पुळणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो. बॅटरी शक्यतो लावायची नाही, लावलीच तर लाल कागद गुंडाळून. मादी वर आली असेल तर वाळूत तिचा माग दिसतो, एक वर जाणारा आणि एक परतीचा. उधाणाच्या भरतीने खालचा भाग पुसला गेला तरी वरचा तुकडा राहतो. दोन्ही माग जिथे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली असते, पण अंडी नेमकी कुठे आहेत ते सहजी कळत नाही. खड्डा बुजवल्यावर मादी अंगाने वाळू धोपटून घट्ट करते आणि आजूबाजूला उडवून ठेवते. त्यामुळे काठीच्या टोकाने, अगदी हलक्या हाताने, वाळू कुठे भुसभुशीत लागते ते चाचपावं लागतं.

आमच्याकडे यातले सगळ्यात जाणकार एक आजोबा आहेत. तरुणपणी ते स्वतः अंडी काढून आणत. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घरात खायची, उरली तर विकायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवाला संरक्षण दिलं, पण तो कायदा आमच्या पुळणीपर्यंत पोचायला बराच काळ गेला. आजोबांना मंडळात घ्यायचं ठरलं तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की त्यांच्याइतकी ही वाळू कुणालाच वाचता येत नाही. वारा कुठून आहे, आज अंधारी रात्र आहे का, मादी अर्ध्यावरून माघारी का गेली असेल, हे ते माग बघून सांगतात. आज कॉलेजातली मुलं त्यांच्याकडूनच शिकतात.

घरट्याचा खड्डा दीड फुटाच्या आसपास खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. त्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची. ती हलवायची असतील तर अंडी घातल्यापासून काही तासांत हलवावी लागतात. त्यानंतर आतला जीव कवचाला आतून चिकटतो, मग अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून एकेक अंडं जसं आहे तसंच उचलून, घरट्यातलीच वाळू घातलेल्या बादलीत ठेवायचं, जाळी लावलेल्या कुंपणात त्याच मापाचा खड्डा करून त्यात उतरवायचं, वर तारीख आणि संख्येची पाटी लावायची. वही माझ्याकडे असते. पंचेचाळीस दिवस होत आले की घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालतो आणि रात्रंदिवस पाळीने बघत राहतो. पिल्लं बाहेर आली की पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायची. समुद्रात जायचं ते त्यांनी स्वतःच चालून. ही वाळू त्यांच्यात कुठेतरी नोंदली जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी माद्या त्याच टापूत परत येतात, असं अभ्यासक सांगतात.

आता प्रश्नाकडे येते. हजारात एक हा अंदाजाचा आकडा आहे, पण तो खोटा नाही. खेकडे, कावळे, घारी, पाण्यात गेल्यावर मोठे मासे, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. मात्र हा हिशेब कासवाला नवा नाही. शंभर-सव्वाशे अंडी एका वेळी घालायची, एका हंगामात दोन-तीनदाही घालायची आणि वर्षानुवर्षं घालत राहायची, हे त्याच हिशेबाचं उत्तर आहे. एका मादीने जन्मभरात घातलेल्या सगळ्या अंड्यांतून दोन कासवं मोठी झाली, तरी जात टिकते. म्हणजे हजारात एक हे अपयश नव्हे, त्याच बेतावर ही जात आजवर तगून आली आहे.

त्या बेतात माणूस नव्हता. पुळणीवरचं प्रत्येक घरटं उकरलं गेलं तर समुद्रात जायला हजार उरतातच कुठे? अंडी काढणारे आम्हीच होतो. आमच्या टाकलेल्या माशांच्या अवशेषांवर पोसलेली कुत्री आमचीच. पुळणीकडे तोंड करून लावलेले दिवे आमचे, आणि समुद्रातली जाळीही आमचीच. घारीच्या चोचीतून पिल्लू सोडवायला मी जात नाही. तो घारीचा वाटा आहे. मी जाते ती आमच्या गावाने जो वाटा जास्तीचा घेतला, तो परत करायला. माझं उत्तर एवढंच आहे. बाकी सगळं काम यातूनच ठरतं.

उदाहरणार्थ, कुंपणात अंडी आणणं हा पहिला उपाय नसावा असं मला वाटतं. घरटं आहे तिथेच सुरक्षित राहत असेल तर वर जाळी ठोकून तिथेच राहू द्यावं. भरतीरेषेच्या खाली असेल किंवा कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाटेवर असेल तरच हलवावं. यावर आमच्यात वाद होतात. पाहुण्यांना दाखवायला कुंपण सोयीचं पडतं, हे खरं आहे. पण वाळूच्या तापमानावर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. सगळी घरटी एका जागी आणली की सगळ्यांना एकच ऊन लागतं. मार्चपासून आम्ही कुंपणावर सावलीची हिरवी जाळी घालतो, तरी पुळणीवर नैसर्गिकपणे जो फरक असतो तो आमच्या हातून तसाच्या तसा साधत नाही.

दिव्यांचं काम सगळ्यात लवकर झालं. पिल्लू उजेडाकडे चालतं. रात्रीच्या समुद्रावर सगळ्यात उजळ असतं ते क्षितिज, आणि निसर्गाने तेवढंच गृहीत धरलेलं. ग्रामसभेत विषय मांडला, किनाऱ्याकडच्या घरांनी आणि रिसॉर्टवाल्यांनी हंगामात दिवे मागच्या बाजूला फिरवले. एकाने मानलं नाही. त्याच्या अंगणाच्या कडेला, पाण्याच्या उलट दिशेने गेलेली, वाळून मेलेली पिल्लं त्याच्याच घरच्या मुलीने सकाळी बघितली. त्यानंतर त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा आमचं सुरूचं बन जवळजवळ झोपलं. घरांचे पत्रे, नारळी-पोफळी, सगळंच गेलं होतं, त्या वेळी कासवांचं बोलायला तोंड नव्हतं. वर्षभराने किनाऱ्यावर पुन्हा झाडं लावायची ठरली, तेव्हा बहुतेकांना सुरूच हवा होता, कारण तो भराभर वाढतो. आम्ही हट्टाने मागणी केली, की खालच्या वाळूत सुरू नको. तिथे मर्यादवेल पसरू द्या, वर उंडी आणि केवडा लावा. सुरूच्या मुळ्या आणि सुयांचा थर असलेल्या जागी मादीला खड्डा काढता येत नाही. मर्यादवेल वाळू धरून ठेवते आणि मोकळी जागाही सोडते. अर्ध्या पट्ट्यात आमचं ऐकलं गेलं. आज दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी दिसतात, येऊन बघा.

महोत्सवाबद्दल माझी दोन मतं आहेत. त्यातून गावाच्या हातात पैसा आला, विशेषतः बायकांच्या. घरोघरी राहायची-जेवायची सोय झाली, मोदक-घावन-आंबोळीला भाव आला, आणि "कासवांचं तुम्हाला काय पडलंय" म्हणणाऱ्या घरांतूनच पहाटे बॅटऱ्या निघू लागल्या. पण शनिवार-रविवारी गर्दी लोटते आणि पिल्लं काही वार बघून बाहेर येत नाहीत. "आज निघतील ना नक्की?" असं फोनवर विचारतात. मी खरं तेच सांगते, की नक्की नाही. दोरीच्या आत पाऊल टाकू नका, फ्लॅश मारू नका, हातात घेऊ नका, हे दर वेळी सांगावं लागतं. गर्दी आवरली नाही तर महोत्सव एक वर्ष बंद ठेवावा, असं मी बैठकीत बोलले आहे. मला अजून तसंच वाटतं.

कारण माझ्या लेखी खरं काम पुढे, पाण्यात आहे. शंभर पिल्लं सोडली त्याचा आनंद मोठा असतो, पण एक वयात आलेली मादी जाळ्यात गुदमरून मेली तर ते नुकसान कितीतरी घरट्यांनी भरून येत नाही. हजारातून जी एक वाचली, ती हीच असते. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की संपलं. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारी कासवं बघा, कितीतरींचे पुढचे वल्हे तुटक्या जाळ्यांनी कापलेले असतात. आणि ही काही आमच्या गावापुरती कासवं नाहीत. गुहागरला २०२३ मध्ये उपग्रह ट्रान्समीटर लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरलाच अंडी घालताना सापडली. एवढ्या वाटेवर तिला किती जाळी चुकवावी लागली असतील!

म्हणून गेली काही वर्षं मंडळाचे आम्ही निम्मे लोक पुळणीपेक्षा खाडीवर जास्त असतो. फाटकी जाळी समुद्रात न टाकता किनाऱ्यावर आणून द्यायची, त्यासाठी जेटीजवळ जागा केली आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर फोटो-व्हिडिओच्या पुराव्यावर सरकारकडून भरपाई मिळते. ही योजना २०१८ च्या डिसेंबरपासून आहे, कमाल रक्कम २५ हजार रुपये. सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. जाळं म्हणजे त्या माणसाचं पोट, त्याला "काप" म्हणणं सोपं नाही. मी कधी कुणाला तसं म्हणत नाही. अर्ज कसा भरायचा, फोटोत काय दिसायला हवं, तेवढं सांगते आणि कागद त्यांच्याबरोबर बसून पूर्ण करते.

मागच्या थंडीत एका होडीवरून फोन आला. जाळ्यात मोठी मादी होती, हालचाल नव्हती, मेली समजून टाकून देऊ का, असं ते विचारत होते. मी सांगितलं, टाकू नका. पोटावरच ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा, ओलं फडकं घाला, ऊन लागू देऊ नका आणि थांबा. पाण्यात गुदमरलेलं कासव कधीकधी तासांनी श्वास घेतं. ते मासेमारी अर्धवट टाकून थांबले. दुपारनंतर तिने मान उचलली. पुरती हुशार झाल्यावरच त्यांनी तिला पाण्यात सोडलं आणि मग मला कळवलं. त्या हंगामात आम्ही जे काही केलं, त्यात मी तो फोन सगळ्यात वर धरते.

पुढच्या वेळी याल तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी या आणि पुळणीवरून परतताना खाडीकडे चला. होड्या लागायच्या वेळी ती माणसं तिथेच असतात. जाळं कापावं लागणं म्हणजे काय, ते त्यांच्याच तोंडून ऐका.