प्रवेशाआधी पाहिलेले जेजे

जानेवारी 2016 मध्ये, बारावीची पूर्वपरीक्षा संपल्यावर, अण्णा आणि मी कराडहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो. सर ज. जी. कला महाविद्यालयाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जेजेचे, वार्षिक प्रदर्शन चालू होते. प्रवेशाचा विचार असेल तर याच दिवसांत जाऊन या, एरवी वर्गांत डोकावता येणार नाही, असे आमच्या चित्रकलेच्या सरांनी बजावले होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांतील 'ए' श्रेणी एवढेच माझे भांडवल होते.

अण्णांचा व्यवसाय पाट्या रंगवण्याचा. दुकानांचे फलक, ट्रकच्या मागची अक्षरे, निवडणुकीतल्या भिंती ही त्यांची कामे. फ्लेक्स आल्यावर त्यांतली बरीचशी गेली आणि मुख्यतः नंबर प्लेटा उरल्या. मी उपयोजित कलेला जावे, म्हणजे जाहिरात कंपनीत नोकरी लागेल, असे सगळे नातेवाईक सांगत. मला रंगकला हवी होती. अक्षरे घरात पुरेशी पाहिली आहेत, असे मला तेव्हा वाटत असे, आणि त्या वाटण्यात थोडी लाजही होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सकाळी सीएसटीला उतरल्यावर सरांच्या सूचनेप्रमाणे आम्ही रस्ता ओलांडण्याआधी मागे वळून स्थानकाची इमारत पाहिली. तिच्या दगडांत कोरलेल्या पानाफुलांचे आणि प्राणिपक्ष्यांचे पुष्कळसे काम जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलेले आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये सुरू झालेली ही शाळा आपल्या आजच्या इमारतीत आली 1878 मध्ये, आणि स्थानकाचे बांधकामही त्याच वर्षी सुरू झाले. ज्या संस्थेचे फाटक अजून दिसलेही नव्हते, तिच्या मुलांच्या हातचे काम आम्ही सुटकेस पायाशी ठेवून पाहत होतो.

आवारात शिरताच रस्त्याचा गोंगाट झाडांमागे राहतो. 'जंगल बुक'चा लेखक रुडयार्ड किपलिंग 1865 मध्ये याच आवारात जन्मला. त्याचे वडील लॉकवूड किपलिंग येथे शिल्पकला शिकवीत. ज्या लाकडी बंगल्यापुढे लोक फोटो काढतात तो मात्र त्याच्या जन्मानंतरचा आहे, हे मला पुढे कळले. त्या दिवशी आम्हीही फोटो काढला.

प्रदर्शनातील चौकटींत बसवलेली चित्रे पाहून मी आधी दबून गेले. नंतर रंगकलेच्या दुसऱ्या वर्षातल्या एका ताईने आम्हाला वर्गात नेले आणि भिंतीला पाठ करून ठेवलेले कॅनव्हास एकेक करून उलटून दाखवले. त्यांत खरवडलेले चेहरे होते, तीनदा बदललेले हात होते, अर्ध्यावर सोडून दिलेली वस्तुचित्रे होती. बाहेर टांगलेल्या कोणत्याही चित्रापेक्षा मला या ढिगाने जास्त धीर दिला. ताईने पैशांचेही स्पष्ट सांगितले: सरकारी महाविद्यालय असल्यामुळे फी झेपते, पण रंग, कॅनव्हास आणि खोलीचे भाडे यांचा हिशोब आधी करा. अण्णांनी ते आकडे बिलबुकाच्या मागे लिहून घेतले. प्रवेश परीक्षेतील स्मरणचित्राची मला धास्ती होती. त्यावर ती म्हणाली, "चित्रात किती माणसं घालायची त्याचा विचार सोड. फलाटावर उभं राहिलेलं माणूस कोणत्या पायावर भार देतं ते बघ." हे मला कोणत्याही क्लासने सांगितले नव्हते.

उपयोजित कलेची इमारत त्याच आवारात आहे. केवळ अण्णांना बरे वाटावे म्हणून मी तिथे गेले, आणि तिथेच आमचा सर्वाधिक वेळ गेला. देवनागरी सुलेखनाच्या एका तक्त्यापुढे अण्णा हात मागे बांधून उभे राहिले ते हलेनात. शेजारच्या विद्यार्थ्याला त्यांनी विचारले की 'र' आणि त्यापुढच्या अक्षरात पडणारी मोकळी जागा तो कशी भरून काढतो. तो मुलगा कागद घेऊन आला आणि दोघे खिडकीच्या कट्ट्यावर टेकून अक्षरे काढू लागले. तो त्यांना 'सर' म्हणत होता. अण्णांना कोणी सर म्हटलेले मी त्याआधी ऐकले नव्हते.

दुपारी आम्ही चालत क्रॉफर्ड मार्केटला गेलो. 1869 मध्ये पूर्ण झालेल्या या मंडईच्या प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पांची संकल्पना लॉकवूड किपलिंगची. फळांच्या टोपल्यांतून वाट काढणारी माणसे आम्हाला धक्के देत होती आणि अण्णा मान वर करून उभे होते. उंचावरची पाटी रंगवताना अक्षरे थोडी उभट ओढावी लागतात, नाहीतर खालून ती बसकी दिसतात, असे त्यांनी मला तिथे सांगितले. या शिल्पातही तसे काही केले असेल का, हे ते डोळे बारीक करून पाहत राहिले.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारले की अर्जात पहिला पसंतीक्रम उपयोजित कलेला देऊ का. आता मला ते खरोखर चालले असते. त्यांनी डबा उघडला, मला चपाती दिली आणि म्हणाले, "तू पेंटिंगलाच जा. अक्षरं काय, ती मी शिकवीन घरी."