कंपोस्टेबल ट्रेचे प्रमाणपत्र आणि एक टक्क्याखालची शाई

खाद्यपदार्थांसाठी पीएलएपासून (वनस्पतिजन्य शर्करेपासून तयार होणाऱ्या प्लास्टिकपासून) बनवलेल्या आमच्या ट्रेला कंपोस्टेबल असल्याचे प्रमाणपत्र अखेर मिळाले. अन्नसंपर्काची चाचणी विनासायास पार पडली, कार्बन-१४ वरून जैविक अंश, म्हणजे वनस्पतींसारख्या जैविक स्रोतातून आलेल्या कार्बनचा वाटा, मोजणारा अहवालही वेळेत आला.

घोडे अडले ते छपाईच्या शाईवर. ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार ज्या सेंद्रिय घटकाचे प्रमाण कोरड्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी आहे, त्याचे जैवविघटन वेगळे सिद्ध करावे लागत नाही. मात्र अशा सर्व घटकांची बेरीज ५ टक्क्यांच्या आत असावी लागते. आमची शाई या सवलतीत सहज बसत होती. तरीही प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने ‘शाईचा विघटन अहवाल जोडावा’ एवढ्या एका ओळीची त्रुटी काढून फाइल थांबवली. कोणत्या कलमान्वये, याचा उल्लेख नव्हता. फोन केला की फाइल तांत्रिक विभागाकडे असे, आणि तांत्रिक विभागाला विचारले की निर्णय समितीचा असे. ट्रेच्या जैवविघटन चाचणीला मानकच ६ महिन्यांपर्यंतची मुदत देते, कारण ९० टक्के सेंद्रिय कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर सूक्ष्मजीव आपल्या गतीनेच करतात. त्या प्रतीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मानक जी चाचणी मागतच नाही, तिच्यासाठी तयार माल गोदामात पडून राहावा, याचा संताप मला अजून आवरत नाही. शेवटी प्रत्येक रंगाचे कोरडे वजन आणि त्याची ट्रेच्या वजनाशी टक्केवारी असा तक्ता करून, संबंधित तरतूद उद्धृत करून लेखी उत्तर मागितले, तेव्हा कुठे त्रुटी मागे घेतली गेली. म्हणून हा तक्ता पहिल्याच अर्जाला जोडावा.

शाईला सूट मिळते ती केवळ जैवविघटनातून. जड धातूंच्या मर्यादा तिच्यासकट संपूर्ण ट्रेला लागू होतात. आणखी एक, जे नमुने पाठवण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे: प्रमाणपत्र चाचणी झालेल्या जाडीपर्यंतच लागू असते, त्यामुळे ट्रेची सर्वांत जाड कडा नमुन्यात असलीच पाहिजे. कंपोस्टमध्ये ट्रेचे तुकडे होतात का हे पाहणाऱ्या वेगळ्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक अवशेष उरले, तर नमुना नापास होतो. उसापासून बनवलेल्या पॉलिएथिलीनसाठी मात्र या वाटेला जाऊच नये. त्याचा जैविक अंश कितीही असला, तरी ते कंपोस्ट होत नाही.