पान 84 वरची यादी

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आज साठ रुपयांत एक जुना कवितासंग्रह घेतला. कसर लागलेला, शिवण उसवलेला. लोकलमध्ये उघडला तर पान 84 ला वाणसामानाची यादी! पाठकोऱ्या कागदावर, निळ्या शाईत. तूरडाळ 2 किलो, साबुदाणा अर्धा किलो, रॉकेल, वातींचा कापूस. पुढे ‘श्रीखंड’ लिहून खोडलंय. आणि त्याखाली वेगळ्याच अक्षरात, पेन्सिलीने : ‘असू दे, आण.’

ठाण्यापर्यंत एकही कविता वाचली नाही. ती दोन अक्षरंच बघत बसलो.

जाळी पडलेलं पिंपळपान, पंच केलेली बेस्टची तिकिटं, मोरपीस, एकदा तर रेल्वेचं ते जुनं पुठ्ठ्याचं तिकीट, असं बरंच काही जुन्या पुस्तकांत सापडलंय. (नोट कधीच नाही. आपलं नशीब!) या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं नाव मात्र कुणीतरी ब्लेडने खरवडलंय, रद्दीत घालताना बहुधा. यादी तेवढी राहून गेली.

बायको म्हणतेय, फेक तो कागद, घरभर कसर होईल. पुस्तक गॅलरीत उन्हाला ठेवलंय. यादी परत 84 व्या पानात.

येताना पाव किलो श्रीखंड घेतलं.